एकच स्टाइल मंडपात चालते, हळदीत बिघडते: डार्कटेबलमधल्या तयार स्टाइल कशा वापराव्यात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही लग्नाचे फोटो रॉमध्ये (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) काढता, नुकतेच डार्कटेबल या फोटो सुधारायच्या प्रोग्रामवर आला आहात आणि नेटवरून चाळीसएक तयार स्टाइल (एकदम लावायच्या सेटिंगचे संच) उतरवून घेतल्या आहेत. त्यातली एक मंडपातल्या फोटोंवर झकास बसते. तीच हळदीच्या फोटोंना लावली की चेहरे नारिंगी होतात, आणि रात्रीच्या वरातीला लावली की सगळं काळवंडतं. शिवाय तुम्ही आधी केलेले क्रॉप गेले ते गेलेच. स्टाइल आधी लावायची की शेवटी, आणि किती स्टाइल जवळ ठेवायच्या, हे तुम्हाला हवं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मी रोजच्या कामात सहा स्टाइल वापरतो आणि सहाही मी स्वतः बनवलेल्या आहेत. उतरवलेल्या स्टाइल मी पाहतो, उघडतो, त्यातून शिकतो. पण दुसऱ्याची स्टाइल जशीच्या तशी गिऱ्हाइकाच्या फोटोवर मी लावत नाही. त्याचं कारण स्टाइलच्या पोटात काय असतं त्यात आहे.

डार्कटेबलमध्ये प्रिसेट आणि स्टाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉड्यूल म्हणजे एकेक काम करणारं साधन, जसं क्रॉप किंवा एक्सपोजर. प्रिसेट म्हणजे एकाच मॉड्यूलपुरती जतन केलेली सेटिंग. स्टाइल म्हणजे एका फोटोच्या हिस्टरी स्टॅकमधून (त्यावर केलेल्या बदलांच्या यादीतून) उचललेल्या अनेक मॉड्यूलच्या सेटिंगचा गठ्ठा. तुम्ही उतरवलेली स्टाइल म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी प्रकाशात, स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेल्या एका फोटोवर घेतलेले सगळे निर्णय. त्यातले काही निर्णय त्या माणसाच्या आवडीचे असतात आणि काही फक्त त्या एका फोटोच्या गरजेचे. आवड दुसऱ्या फोटोवर नेता येते, गरज नेता येत नाही. बहुतेक स्टाइलमध्ये हे दोन्ही एकत्र बांधलेलं असतं, आणि तुमची अडचण तिथूनच सुरू होते.

म्हणून पहिलं काम स्टाइल उघडून वाचण्याचं. लाइटटेबलमधल्या (सगळे फोटो एकत्र दिसतात तो भाग) स्टाइल्सच्या पॅनेलमध्ये स्टाइल निवडून एडिट दाबा. आतल्या मॉड्यूलची यादी दिसेल आणि प्रत्येकापुढे टिक असेल. नको असलेल्यांची टिक काढून स्टाइल परत जतन करता येते. मी कुठल्याही परक्या स्टाइलमधून आधी व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची झाक सावरणारं मॉड्यूल) काढतो. या मॉड्यूलमधले लाल, हिरव्या, निळ्याचे गुणक त्या माणसाच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचे असतात. त्याचा कॅनन असेल आणि तुमचा निकॉन, तर तेच आकडे तुमच्या फोटोवर वेगळाच रंग चढवतात. दुसरी भानगड त्याहून मोठी आहे. नव्या पद्धतीत व्हाइट बॅलन्स मॉड्यूल कॅमेरा रेफरन्स या ठरावीक सेटिंगवर ठेवायचं आणि प्रकाशाचा खरा हिशोब कलर कॅलिब्रेशन या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये करायचा, अशी वाटणी आहे. जुनी स्टाइल तिचा व्हाइट बॅलन्स घेऊन आली की तीच दुरुस्ती दोनदा होते. दोन्ही मॉड्यूलवर लाल इशारा दिसतो, पण चारशे फोटोंना लाइटटेबलमधून एकदम स्टाइल लावली तर तो इशारा बघायला कुणी जात नाही. तुमच्या हळदीच्या फोटोंमधला निम्मा नारिंगीपणा याचाच असावा असा माझा कयास आहे. एक फोटो डार्करूममध्ये (एकेक फोटो सुधारायचा भाग) उघडा आणि ही दोन मॉड्यूल आधी तपासा.

त्यानंतर एक्सपोजर. रॉ फोटो उघडला की वर म्हटलेल्या नव्या, म्हणजे सीन-रेफर्ड, पद्धतीत डार्कटेबल स्वतःच +०.७ ईव्ही (उजेडाचं माप) देतं. ज्याने स्टाइल बनवली त्याचा फोटो अंधारा असेल तर त्याने ते दीड केलं असेल. तो दीड तुमच्या कामाचा नाही. क्रॉप, रोटेशन, पर्स्पेक्टिव्ह तर काढाच. लेन्स करेक्शनही काढा, कारण त्यात लेन्सचं नाव बसलेलं असू शकतं. हाताने काढलेला मास्क असलेलं मॉड्यूल दिसलं तर तेही. त्या माणसाने नवरीच्या चेहऱ्यावर लंबगोल काढून तेवढाच भाग उजळला असेल, तुमच्या फोटोत तोच लंबगोल गुरुजींच्या खांद्यावर येतो. रंगावर किंवा उजेडावर चालणारे पॅरामेट्रिक मास्क मात्र बऱ्यापैकी सुखरूप प्रवास करतात.

आणि टोन मॅपिंग बघा. डार्कटेबलमध्ये पूर्वी बेस कर्व्ह असायचा. २०१८ च्या डिसेंबरात २.६ आवृत्तीत फिल्मिक आलं, २०२२ च्या डिसेंबरात ४.२ मध्ये सिग्मॉइड. या तिन्हींचं काम एकच आहे, सेन्सरने टिपलेला मोठा उजेडपट्टा पडद्यावर मावेल असा दाबणं. जुन्या स्टाइलमधून बेस कर्व्ह आला आणि तुमच्याकडे सिग्मॉइड आधीच चालू असेल तर उजेड दोनदा दाबला जातो. कॉन्ट्रास्ट चढतो, सावल्या बुडतात. वरातीचे फोटो काळे पडायचं हे एक ठरलेलं कारण. मी फक्त सिग्मॉइड वापरतो. फिल्मिक वापरणारे उत्तम काम करतात, पण एका फोटोत दोघांपैकी एकच.

एवढी काटछाट केल्यावर उतरवलेल्या स्टाइलमध्ये बहुतेक वेळा कलर बॅलन्स आरजीबी, कलर इक्वलायझर किंवा कलर झोन्स ही रंगांची मॉड्यूल, आणि कुठेतरी ग्रेन एवढंच उरतं. ते उरलेलं म्हणजे त्या माणसाची आवड. तिच्याकडे आता नीट बघता येतं.

आता आधी की नंतर. इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. डार्कटेबलचं गणित ठरलेल्या क्रमाने चालतं. तुम्ही कुठलं मॉड्यूल आधी चालू केलं आणि कुठलं नंतर, याने निकाल बदलत नाही. स्टाइल सुरुवातीला लावा किंवा शेवटी, एक्सपोजर आपल्या जागी आणि सिग्मॉइड आपल्या जागीच हिशोब करणार. (स्टाइल बनवताना यादीत मॉड्यूलचा क्रमही जतन करायची टिक असते. क्रम तुम्ही मुद्दाम बदलला नसेल तर ती काढून टाका.) गणिताला फरक पडत नसला तरी आपल्या डोळ्याला मात्र पडतो. गडद लुक (फोटोला रंगरूप देणारी स्टाइल) आधी लावला की त्याच्यातूनच तुम्ही एक्सपोजर ठरवता, आणि लुकचा काळेपणा भरून काढायला एक्सपोजर वर ओढता. दोन दिवसांनी नवरीकडचे म्हणाले की हा लुक नको, साधे फोटो द्या, की लुक काढल्यावर सगळे फोटो भगभगीत. म्हणून माझा क्रम असा आहे: पायाची स्टाइल सगळ्यांना आयात झाल्याबरोबर, मग प्रकाशाप्रमाणे गट करून व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर, आणि लुक शेवटी.

माझ्या पायाच्या स्टाइलमध्ये फार काही नाही. सिग्मॉइड माझ्या कॉन्ट्रास्टवर, डीनॉइज प्रोफाइल्ड (फोटोतले दाणे कमी करणारं मॉड्यूल), आणि कलर बॅलन्स आरजीबीमध्ये रंगाची अगदी थोडी वाढ. डीनॉइज प्रोफाइल्ड पायात टाकायला मला भीती वाटत नाही, कारण प्रोफाइल आपोआपवर सोडलं तर कॅमेरा आणि आयएसओ बघून ते स्वतःचं प्रमाण ठरवतं. २०० आयएसओचा दुपारचा फोटो आणि ६४०० चा वरातीचा फोटो दोघांना एकच स्टाइल चालते. लेन्स करेक्शनचं काम मी आपोआप लागणाऱ्या प्रिसेटवर सोपवलं आहे. प्रिसेटला कॅमेरा, लेन्स, आयएसओ, फोकल लेंग्थ अशा अटी घालता येतात ही सोय बरेच जण वापरतच नाहीत. डिफ्यूज ऑर शार्पन मात्र पायात घालू नका. सुंदर मॉड्यूल आहे, पण जड आहे. ग्राफिक्स कार्ड साधं असेल तर आठशे फोटो बाहेर काढताना लॅपटॉप रात्रभर चालू राहील.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे वापरत असाल तर ५.० आवृत्तीपासून डार्कटेबलसोबतच पाचशेहून अधिक कॅमेऱ्यांसाठी तयार स्टाइल येतात. त्या कॅमेऱ्याच्या जेपेगच्या जवळ जायचा प्रयत्न करतात, आणि फक्त कॉन्ट्रास्ट, उजेड, रंगाचा गडदपणा एवढ्यालाच हात लावतात. रंगछटा त्या हलवत नाहीत. तुम्ही नवे आहात, तर आधी त्या वापरून बघा. नेटवरच्या चाळीसांपेक्षा त्या तुम्हाला जास्त उपयोगी पडतील.

हळदीवर जरा थांबतो, कारण आपल्याकडच्या लग्नांत सगळ्यात जास्त फोटो तिथेच बिघडतात. परक्या देशातल्या स्टाइल बनवणाऱ्यांसमोर असा प्रसंग कधी आलेलाच नसतो. अंगणात पिवळं कापड ताणलेलं, त्यातून गाळून आलेला उजेड पिवळा, साडी पिवळी, झेंडूच्या माळा, आणि गालांवर हळद. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स एवढा पिवळा बघून गडबडतो आणि निळं वाढवतो. किती वाढवतो ते चौकटीत पिवळं किती आलं त्यावर, म्हणून लागोपाठच्या दोन फोटोंत चेहऱ्याचा रंग वेगळा. कलर कॅलिब्रेशनमधली चित्रावरून प्रकाश ओळखायची सोयही इथे फसते, कारण तीसुद्धा चित्रातल्या रंगांवरूनच अंदाज बांधते. तेव्हा हळद सुरू व्हायच्या आधी, त्याच कापडाखाली, ग्रे कार्डचा एक फोटो काढा. कार्ड नसेल आणि तुम्ही पांढऱ्या कपड्यावरून रंग उचलणार असाल तर सावध राहा. आजोबांची टोपी आणि धोतर पांढरं दिसतं, पण त्याला नीळ दिलेली असते. तिथून पिकरने पांढरं उचललं की पिकर ती निळी झाक काढून टाकायला बघतो आणि अख्खा फोटो आणखी पिवळा होतो. मी दोन हंगाम ही चूक करत होतो आणि दोष लेन्सला देत होतो.

व्हाइट बॅलन्स बसल्यावर उरतो तो स्टाइलचा दोष. नेटवरच्या बऱ्याच स्टाइल सावल्या निळसर-हिरव्या आणि उजेड नारिंगी करणाऱ्या असतात. त्या पिवळ्याला नारिंगीकडे ढकलतात. साध्या फोटोत त्वचेला ऊब येते, म्हणून ते छान दिसतं. पण हळदीच्या फोटोत त्वचेची छटा आणि हळदीची छटा या दोन वेगळ्या राहिल्या पाहिजेत, तेच तर त्या फोटोतलं सौंदर्य आहे. स्टाइल दोघींना एकाच नारिंगीत ओढते आणि गालावरची हळद दिसेनाशी होते. माझ्या हळदीच्या स्टाइलमध्ये कलर इक्वलायझर आहे. हे मॉड्यूल ४.८ पासून आलं. त्यात पिवळ्याची छटा मी अजिबात हलवत नाही, फक्त त्याचा गडदपणा थोडा उतरवतो. शिवाय सिग्मॉइडमधला प्रिझर्व्ह ह्यू १०० वरून खाली आणतो, साधारण साठपर्यंत. पूर्ण १०० वर खूप उजळ पिवळा-नारिंगी भाग आणि निरांजनाची ज्योत गुलाबीसर, मेणचट दिसते. थोडं खाली आणलं की ज्योत ज्योतीसारखी पिवळी होते.

त्वचेबद्दल माझं ठाम मत आहे, ते लिहितोच. अनेक विकाऊ स्टाइलमध्ये नारिंगी पट्ट्याचा उजेड वाढवलेला असतो, म्हणजे त्वचा गोरी दिसावी. सावळ्या चेहऱ्यावर तो उजेड राखेसारखा बसतो, गालाची गोलाई जाते, नाकाच्या बाजूची सावली करडी होते. घरातले म्हणतात की नवरी उजळ दिसू द्या. मी एक्सपोजरने चेहरा उजळ करतो, त्वचेचा रंग बदलत नाही. स्टाइलमध्ये तर हे कधीच घालू नका, कारण स्टाइल सगळ्यांना लागते. नवरीसाठी केलेली करामत तिच्या आईला, मावशीला, वाढप्यालाही लागते, आणि अल्बममधून अख्ख्या घराचा खरा रंग नाहीसा होतो.

वरातीच्या फोटोंचं दुखणं वेगळं. आधी कॅमेऱ्यात बघा. निकॉनवर ॲक्टिव्ह डी-लायटिंग चालू असेल तर जास्त कॉन्ट्रास्टच्या प्रसंगात कॅमेरा न सांगता एक्सपोजर कमी करतो आणि स्वतःच्या जेपेगमध्ये ते भरून काढतो. रॉमध्ये फोटो अंधाराच राहतो. रॉ काढत असाल तर ते बंद ठेवा. मग एक्सपोजर मॉड्यूलमधली मोजून एक्सपोजर लावायची सोय शिका. एका चांगल्या फोटोत चेहऱ्यावर चौकट ओढून त्याचा उजेड मोजायचा, तोच लक्ष्य म्हणून ठेवायचा आणि पुढच्या फोटोत चेहऱ्यावर चौकट ओढली की एक्सपोजर तिथवर येतं. फोटोमागे चार-पाच सेकंद लागतात. हे काम कुठलीही स्टाइल करू शकत नाही, कारण चेहरा चौकटीत कुठे आहे ते तिला माहीत नसतं.

डीजेच्या निळ्या-जांभळ्या एलईडीखाली चेहऱ्यांवर निळे सपाट डाग येतात, त्यांच्यासाठी मात्र स्टाइल खरंच उपयोगी आहे. ४.६ मध्ये आलेल्या आरजीबी प्रायमरीज मॉड्यूलमध्ये निळ्याची शुद्धता कमी केली की त्या डागांत पुन्हा चेहऱ्याचा आकार दिसायला लागतो. माझ्या रात्रीच्या स्टाइलमध्ये एवढं एकच मॉड्यूल आहे.

आता तुमचे क्रॉप. स्टाइल लावताना अपेंड आणि ओव्हरराइट असे दोन मार्ग असतात. ओव्हरराइटमध्ये फोटोची आधीची हिस्टरी पुसली जाते आणि मग स्टाइल बसते. तुमचे क्रॉप त्यातच गेले असणार. अपेंड ठेवा. माझ्याही बाबतीत हे एकदा झालं आहे. सहाशेच्या वर फोटो, दोन रात्रींचं काम, सकाळी घाईत सगळे निवडून स्टाइल लावली आणि प्रोग्राम बंद केला. उघडा असता तर कंट्रोल-झेडने परत आलं असतं. बंद केल्यावर एक्सएमपी फाइलीसुद्धा (फोटोवर केलेले बदल डार्कटेबल ज्यांत लिहून ठेवतं त्या) नव्याच लिहिलेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर घेतलेल्या प्रतीत निम्म्या फोटोंच्या एक्सएमपी सापडल्या, उरलेले पुन्हा केले. रॉ फाइलला डार्कटेबल हात लावत नाही हे खरं, पण तुमची मेहनत रॉमध्ये नसते, ती एक्सएमपीत असते. रॉची प्रत घेतली म्हणून निश्चिंत राहू नका. मोठ्या गठ्ठ्यावर स्टाइल लावायच्या आधी ‘डुप्लिकेट बनवा’ची टिक करा, म्हणजे मूळ काम जागेवर राहतं आणि स्टाइल प्रतीला लागते.

आणखी एक गैरसमज बहुतेकांचा असतो. स्टाइल बदलली की आधी लावलेले फोटो बदलत नाहीत. लावली त्या क्षणी तिची सेटिंग फोटोत उतरतात, पुढे त्यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. पण डार्कटेबल अशा प्रत्येक फोटोला स्टाइलच्या नावाचा टॅग लावून ठेवतं, त्यामुळे टॅगवरून ते सगळे फोटो एकदम शोधता येतात आणि सुधारलेली स्टाइल पुन्हा लावता येते.

काळ्या-पांढऱ्या फोटोंसाठी मी फोटोला स्टाइल लावतच नाही. एक्सपोर्टच्या पॅनेलमध्ये स्टाइल निवडायची सोय आहे, ती फक्त बाहेर पडणाऱ्या फाइलला लागते. पाठवणीचे तीस फोटो रंगीतही देतो आणि कृष्णधवलही, आणि लाइटटेबलमध्ये प्रती वाढत नाहीत. लॅबला जाणाऱ्या फाइलींचं शार्पनिंगही मी तिथेच ठेवतो.

नवी स्टाइल बनवली की मी ती लगेच कामावर घेत नाही. माझ्याकडे चौदा फोटोंचं एक फोल्डर आहे. त्यात भर दुपारचा मंडप, ट्यूबलाइटचा हॉल, फ्लॅशचा ग्रुप फोटो, पिवळ्या कापडाखालची हळद, निळ्या एलईडीतली वरात, पांढरी शेरवानी, गर्द जांभळी पैठणी, एकाच चौकटीत अगदी गोरा आणि अगदी सावळा चेहरा असे फोटो आहेत. नवी स्टाइल या चौदांना लावून लाइटटेबलमध्ये शेजारी शेजारी बघतो. पैठणीच्या जरीचे तपशील गेले किंवा शेरवानीवर रंग चढला तर स्टाइल परत उघडायची. तुम्ही तुमच्या चाळीसही अशाच एका फोल्डरवर तपासा. माझ्या अनुभवाने दोन-तीनच टिकतील.

टिकतील त्या डीटीस्टाइल फाइल म्हणून एक्सपोर्ट करून वेगळ्या जागी ठेवा. स्टाइल आणि प्रिसेट फोटोंच्या फोल्डरमध्ये नसतात, डार्कटेबलच्या डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे लॅपटॉप फॉरमॅट झाला की फोटो वाचतात आणि स्टाइल जातात. मदतनीसाच्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती असेल तर तुमची नवी स्टाइल तिथे नीट चालेलच असं नाही. आधी दोन्हीकडे एकच आवृत्ती टाका आणि मगच फाइल द्या.